पदवीधरांचं मत बाद का होतं? पहिल्यांदाच मतपत्रिका हातात घेणाऱ्यांसाठी

मतमोजणीच्या ड्युटीवर असताना एक मतपत्रिका हातात आली होती, अजून डोळ्यासमोर आहे. आकडे छापल्यासारखे. १ पासून ७ पर्यंत, प्रत्येक आकडा रकान्याच्या बरोबर मधोमध, कुठे खाडाखोड नाही, आणि सगळ्यात खाली उजव्या कोपऱ्यात झोकदार सही. शिक्षक मतदारसंघाची मोजणी होती आणि टेबलावरचे आम्ही तिघंही मास्तरच, त्यामुळे काय झालं असणार ते तिघांनाही लगेच कळलं. आयुष्यभर मार्क भरले की खाली सही ठोकायची सवय, हात आपोआप गेला असणार. मत बाद.

हे लिहायला बसलो कारण आमच्या कॉलेजातली नवीन पोरं यंदा पहिल्यांदा पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवून आलीत आणि त्यातल्या एकीने विचारलं, सर मशीनवर बटण कुठलं दाबायचं ते आधी कळतं का. मशीन नाही गं बाई, कागद आहे, आणि कागदावर मत वाया घालवायचे डझनभर मार्ग आहेत. २००४ च्या लोकसभेपासून सगळीकडे मशीन आली, त्यामुळे आज पस्तिशीच्या आतल्या बहुतेकांनी सरकारी निवडणुकीत मतपत्रिका पाहिलेलीच नाही. मशीनवर मत अवैध होऊच शकत नाही, चुकीचं बटण दाबलंत तरी ते कोणाला तरी जातंच.

थोडक्यात ओळख करून देतो. विधान परिषदेत ७८ आमदार, त्यातले ७ पदवीधर मतदारसंघातून आणि ७ शिक्षक मतदारसंघातून येतात (बाकीचे ३० विधानसभेचे आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांमधून आणि १२ राज्यपाल नेमतात). मतदारसंघ म्हणजे बहुतेक ठिकाणी अख्खा महसूल विभाग, पुणे म्हणाल तर पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर असे पाच जिल्हे एकत्र. मतदान पसंतीक्रमाने. म्हणजे शिक्का नाही, टिकमार्क नाही, आकडे लिहायचे.

आणि यात मतं किती बाद होतात म्हणाल तर नाशिक पदवीधरचं बघा. जानेवारी २०२३ ला मतदान झालं १,२९,६१५, त्यातली १२,९९७ अवैध. दहातलं एक! सगळे डिग्रीवाले. लोक हसतात, मीम बनवतात, पण मला त्यात अडाणीपणा कमी आणि सवय जास्त दिसते. ज्याला आयुष्यभर बरोबर म्हणजे टिक असं शिकवलंय तो आवडत्या उमेदवारापुढे टिकच करणार ना.

आता पायऱ्या. नावनोंदणीवर फार वेळ घालवत नाही, तेवढं लक्षात ठेवा की तुमचं नेहमीच्या मतदार यादीतलं नाव इथे चालत नाही, ही यादी वेगळी आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून यंदा असेलच असं नाही. पदवीधरला फॉर्म १८, शिक्षकाला फॉर्म १९. पदवीधरसाठी त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरच्या आधी किमान तीन वर्षं पदवी झालेली हवी. बास.

केंद्रात शिरल्यावर

यादीत नाव बघतील, सही घेतील, बोटाला शाई लावतील आणि मतपत्रिका देतील. सोबत जांभळ्या रंगाचा स्केच पेन. तो पेन हीच अर्धी लढाई आहे! खिशातला पेन कितीही भारी असला तरी खिशातच राहू द्या. नियमच आहे की दिलेल्या साधनाशिवाय दुसऱ्या कशाने आकडा लिहिला तर मतपत्रिका अवैध, मग निळा बॉलपेन असो, काळं जेल असो नाहीतर पेन्सिल. मोजणीच्या टेबलावर जांभळ्याच्या ढिगात निळा आकडा लांबूनच दिसतो. केबिनमधला पेन उमटत नसेल तर बाहेर येऊन दुसरा मागा, लाजू नका.

मतपत्रिका घेताना मागची बाजू बघा, केंद्राध्यक्षांची सही असते. फाटकी किंवा डाग पडलेली असेल तर तिथेच बदलून मागा. आणि बोटाची शाई वाळू द्या आधी. ओल्या बोटाचा ठसा उमटला तर त्यावरून मोजणीत कोणीतरी हुज्जत घालणार, कशाला उगाच.

आकडा १

ही पायरी सगळ्यात मोठी, कारण बाद होणारी बहुतेक मतं इथेच जातात.

मतपत्रिकेवर उमेदवारांची नावं असतात, निवडणूक चिन्ह नसतं (हे पण नव्या लोकांना माहीत नसतं, आत जाऊन चिन्ह शोधत बसतात, म्हणून नाव पाठ करून जा, आणि एकाच नावाचे दोन-तीन उमेदवार उभे करायची आपल्याकडे रीतच आहे तेव्हा वडलांचं नावसुद्धा पाठ करा). नावापुढे पसंतीक्रमाचा रकाना. तुमच्या सर्वात आवडत्या उमेदवारापुढे १ हा आकडा लिहायचा. एवढं केलंत की मत वैध. २, ३, ४ लिहा किंवा लिहू नका, तुमची मर्जी. पण १ नसेल आणि बाकी सगळं असेल तर पूर्ण मतपत्रिका बाद. एकदा एक पत्रिका आली होती तिच्यात २ पासून ६ पर्यंत सगळं व्यवस्थित आणि एका नावापुढे मोठ्ठा टिकमार्क. त्याच्या मनात काय होतं ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं, पण नियमात मनाला जागा नाही, आकडा १ हवा म्हणजे हवाच.

१ दोघांपुढे लिहिलात तर बाद. दोन भाऊबंद उभे आहेत, दोघांनाही शब्द दिलाय, म्हणून दोघांपुढे १ लिहिणारे खरंच असतात. १ दोन नावांच्या मधल्या रेषेवर लिहिलात आणि कोणाला आहे ते कळत नाही, तरी बाद. एकाच उमेदवारापुढे १ आणि आणखी कुठला आकडा असेल तरी बाद, आणि यातच खाडाखोड करणारे अडकतात, आधी २ लिहितात मग मन बदलतं मग त्यावरच १ गिरवतात. आता तो १ आहे की २ आहे की दोन्ही, हे टेबलावरचा माणूस कसं ठरवणार.

अक्षरात 'एक' लिहू नका. आकडा इंग्रजी चालतो, देवनागरी १ चालतो, रोमन चालतो, कुठल्याही भारतीय भाषेतला चालतो, पण शब्द चालत नाही. कोणी सांगत नाही अशी एक गोष्ट माझ्याकडून ऐका, देवनागरी १ घाईत लिहिला की इंग्रजी नऊसारखा दिसतो. उमेदवार नऊच्या वर असतील तर ही गंमत चांगलीच महागात पडते. मी स्वतः सरळ उभी रेघ असलेला इंग्रजी एक लिहितो, मराठी अभिमान दुसरीकडे दाखवता येतो. आणि एकच पद्धत धरा, अर्धे आकडे मराठी अर्धे इंग्रजी असलं खिचडीकाम नको.

सही, नाव, अंगठा, फोन नंबर, मागणी, शिवी, आशीर्वाद, काहीही लिहू नका. ज्यावरून मतदार ओळखता येईल अशी खूण किंवा लिखाण असलं की मतपत्रिका अवैध, कारण मत गुप्त राहिलं पाहिजे, नाहीतर मतं विकत घेणारा सांगेल कोपऱ्यात अमुक खूण कर म्हणजे पैसे वसूल झाले का ते मोजणीत कळेल. तरीही लोक लिहितात. 'एकच मिशन जुनी पेन्शन' लिहिलेल्या पत्रिका मी पाहिल्यात, लिहिणाऱ्याची तळमळ शंभर टक्के खरी, पण ती वाचणारे आम्ही चार कारकुनी माणसं, आणि त्या निरोपापायी ज्याला निवडून आणायचं त्याचंच मत वाया.

२, ३, ४ लिहायचे की नाही

प्रचारात सगळे उमेदवार कानात सांगतात, फक्त एक लिहा, पुढचं काही लिहू नका, नाहीतर आमचं मत कमी होतं. साफ खोटं. तुमच्या दुसऱ्या पसंतीने पहिल्याचं काहीही नुकसान होत नाही. एकच जागा असते तेव्हा दुसरी पसंती उघडतात ती तुमचा पहिला उमेदवार शर्यतीतून बाहेर पडल्यावरच.

मोजणी कशी होते ते समजलं की पटेल. सगळी वैध मतं मोजायची, त्याला दोनने भागायचं, त्यात एक मिळवायचा, तो कोटा, म्हणजे जिंकायला लागणारी मतं. नाशिकला वैध मतं १,१६,६१८, म्हणून कोटा ५८,३१०. सत्यजीत तांबेंना ६८,९९९ मिळाली, पहिल्याच पसंतीत विषय संपला. (बाद मतं कोट्यात धरत नाहीत हे बघा. तीही वैध असती तर कोटा ६४,८०८ झाला असता.) पण कोणीच कोटा गाठला नाही तर सर्वात कमी मतांचा उमेदवार बाद करतात आणि त्याच्या पत्रिकांवरची पुढची पसंती ज्याला असेल त्याच्याकडे त्या जातात. मग पुढचा बाद. असं करत करत. ज्या पत्रिकेवर पुढची पसंतीच नाही ती संपली, बाजूला ठेवतात. ती अवैध नाही, पण आता कुणाच्या कामाचीही नाही.

आकडे लिहिताना मधलाच गाळलात, म्हणजे १ नंतर थेट ३, किंवा २ दोघांपुढे लिहिलात, तर घाबरू नका, मतपत्रिका बाद होत नाही. १ धरतात, फक्त चूक जिथे आहे तिथून पुढे ती संपलेली समजतात. मोजणीला नवीन बसणारे उमेदवारांचे प्रतिनिधी हमखास इथे गोंधळ घालतात, दोन २ दिसले की बाद बाद म्हणून ओरडायला लागतात.

चुकलं तर

केबिनमध्ये चूक लक्षात आली तर पत्रिका पेटीत टाकू नका, गिरवू नका, व्हाइटनर तर नाहीच नाही. तशीच घडी करून केंद्राध्यक्षांकडे न्या आणि सांगा की चुकून खराब झाली. ते ती रद्द करून दुसरी देतात. ही सोय नियमातच आहे आणि तरी ती कोणी वापरत नाही, कारण मागे रांग असते आणि शिकलेल्या माणसाला चुकलो म्हणायला जड जातं. पेटीत पडली की मात्र संपलं.

आपणच एकटे चुकतो असं वाटत असेल तर उपराष्ट्रपतीची निवडणूक बघा, तिथे मतदार म्हणजे फक्त खासदार, पद्धत हीच आकड्यांची. २०२५ ला ७६७ खासदारांनी मतदान केलं, आपले तेव्हाचे राज्यपाल सी. पी. राधाकृष्णन ४५२ मतं मिळवून निवडून आले आणि १५ मतं अवैध. २०२२ ला पण बरोबर १५! काही मुद्दाम बाद केली असतील असं लोक म्हणतात, असेलही, बंद केबिनमध्ये कोणी काय केलं कोणाला कळणार. राज्यसभेत तर उलटी तऱ्हा, तिथे आमदाराने मत आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायचं असतं, पण फक्त त्यालाच. जून २०२२ ला आमदार सुहास कांदेंचं मत यावरूनच बाद झालं आणि मोजणी मध्यरात्रीनंतर सुरू झाली.

टपाली मत असेल तर

हे आपल्या ड्युटीवाल्यांसाठी. लोकसभा-विधानसभेला आपण दुसऱ्यांचं मतदान घेतो आणि स्वतःचं टपाली मतपत्रिकेवर देतो, आणि दुसऱ्यांना शिकवणारेच इथे चुकतात.

तुम्हाला मिळतं घोषणापत्र (१३ अ), छोटा लिफाफा (१३ ब), मोठा लिफाफा (१३ क) आणि मतपत्रिका. मतपत्रिकेवर एकाच उमेदवारापुढे खूण करायची, इथे टिक चालते, फुली चालते, कोणाला दिलं ते स्पष्ट दिसलं की झालं. मग मतपत्रिका एकटीच छोट्या लिफाफ्यात, लिफाफा चिकटवायचा, त्यावर मतपत्रिकेचा अनुक्रमांक लिहायचा. तोच अनुक्रमांक घोषणापत्रावर, खाली तुमची सही आणि अधिकाऱ्याकडून साक्षांकन. मग मोठ्या लिफाफ्यात छोटा बंद लिफाफा आणि शेजारी घोषणापत्र. घोषणापत्र छोट्या लिफाफ्यात गेलं की खेळ खलास! कारण मोजणीला आधी मोठा लिफाफा उघडतात, घोषणापत्र बघतात, ते नसेल, सही नसेल किंवा नंबर जुळत नसतील तर छोटा लिफाफा उघडतच नाहीत. तुमचं मत आत बरोबर असलं तरी ते कोणी पाहतच नाही. थोडक्यात सही बाहेरच्या कागदावर हवीच आणि आतल्या कागदावर अजिबात नको, हे उलटं करणारे महाभाग दरवेळी सापडतात.

दोन-चार टपाली मतांनी काय होतंय असं कोणी म्हणालं तर मुंबई उत्तर पश्चिम, २०२४ सांगा. मशीनच्या मोजणीत अमोल कीर्तिकर ४,५१,०९५ आणि रवींद्र वायकर ४,५१,०९४. एका मताचा फरक, साडेचार लाखांवर! टपाली मतांत वायकरांना १,५५० आणि कीर्तिकरांना १,५०१, आणि वायकर ४८ मतांनी खासदार झाले. बाद टपाली मतं होती १११. जिंकण्याचं अंतर बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मतं परत तपासायची असा नियम आहे, तशी ती तपासली, निकाल तोच राहिला.

मोजणीला प्रतिनिधी म्हणून बसणार असाल तर

आधी जेवून जा. विधान परिषदेची मोजणी मशीनसारखी दुपारी संपत नाही. पेट्या उघडतात, पत्रिकांचे गठ्ठे बांधतात, मग सगळ्या केंद्रांच्या पत्रिका सरमिसळ करतात (कुठल्या गावाने कोणाला दिलं ते कळू नये म्हणून), मग टेबलांवर वाटप आणि पहिल्या पसंतीप्रमाणे उमेदवारनिहाय खण. शंका असेल ती पत्रिका वेगळी निघते आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांकडे जाते. बाद करायचा अधिकार त्यांचा, टेबलावरच्या कर्मचाऱ्याचा नाही, हे पक्कं डोक्यात ठेवा. तुम्हाला पत्रिका दाखवतात पण हात लावू देत नाहीत. हरकत असेल तर तेव्हाच घ्या, शांतपणे, कारण सांगून. 'साहेब हा १ रेषेला टेकलाय पण आकड्याचा सगळा भाग वरच्या रकान्यात आहे' असं बोललात तर ऐकतात, नुसता आरडाओरडा केलात तर पोलीस बाहेर काढतात.

आणि ज्या टेबलावर बाद पत्रिका तपासतात तिथे तुमचा सर्वात हुशार माणूस बसवा. बहुतेक पार्ट्या उलटं करतात, हुशार माणूस आघाडी-पिछाडीची बेरीज करत बसतो आणि बादच्या ढिगाजवळ कोणीच नसतं. त्या ढिगात काय दडलेलं असतं ते अमरावती पदवीधरला दिसलं, फेब्रुवारी २०२३. धीरज लिंगाडे विरुद्ध रणजित पाटील, मोजणी रात्रभर चालू, अवैध मतं ८,७३५. पाटलांच्या बाजूने फेरतपासणीची मागणी झाली, ती सगळी परत बघितली आणि त्यातली ३४८ वैध निघाली. बाद म्हणून बाजूला काढलेली ३४८ माणसं परत जिवंत झाली म्हणा ना. त्यामुळे वैध मतं वाढून कोटा ४७,१०१ झाला, आणि एकेक उमेदवार बाद करत शेवटी लिंगाडे ४६,३४४ वर आणि पाटील ४२,९६२ वर थांबले. कोटा कोणीच गाठला नाही, कारण हजारो पत्रिकांवर पुढची पसंतीच नव्हती, 'फक्त एक लिहा'वाला प्रचार आठवतोय ना. जास्त मतं म्हणून लिंगाडे विजयी. अंतर ३,३८२ आणि बाद राहिलेली मतं आठ हजारांच्या वर, म्हणजे बघा.

अधिकाऱ्याच्या हातातल्या पेनावरही लक्ष असू द्या. आपले बहुतेक अधिकारी सरळ काम करतात, मी दोन-चार मोजण्या जवळून पाहिल्यात म्हणून सांगतो, पण चंदीगडच्या महापौर निवडणुकीत जानेवारी २०२४ ला पीठासीन अधिकाऱ्याने स्वतःच ८ मतपत्रिकांवर खुणा करून त्या अवैध ठरवल्या. ३६ मतांच्या निवडणुकीत ८! कॅमेऱ्यात ते सगळं दिसलं, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं, कोर्टाने पत्रिका मागवून स्वतः बघितल्या आणि २० फेब्रुवारीला ती आठही मतं वैध धरून हरलेल्या कुलदीप कुमारांना महापौर घोषित केलं.

फेरमोजणी हवी असेल तर निकाल जाहीर व्हायच्या आधी, लेखी, कारणासकट अर्ज द्यायचा. उमेदवार तेव्हा बाहेर कार्यकर्त्यांना समजावत असतो नाहीतर फोनवर असतो, म्हणून त्याचा निवडणूक प्रतिनिधी कोरा कागद आणि पेन घेऊन अधिकाऱ्यांच्या टेबलाजवळच उभा पाहिजे. एकदा घोषणा झाली की निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या हातात काही राहत नाही, मग ४५ दिवसांत हायकोर्टात निवडणूक याचिका, आणि तिथे पहिला प्रश्न हाच येतो की मोजणीच्या वेळी हरकत घेतली होती का, लेखी आहे का.